सणासुदीच्या सुट्टीतला अक्षर-सराव: पालकांचे नेहमीचे प्रश्न

गणपती, दसरा, दिवाळी, नाताळ, संक्रांत. शाळेला सुट्टी लागली की बालवाडी ते दुसरीच्या मुलांच्या घरून तेच ते प्रश्न येतात. आई-बाबांपेक्षा आजी-आजोबांचे जास्त. सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यातल्या घरांत सण जसे होतात तसेच धरून इथे उत्तरं लिहिली आहेत. मूल साडेतीन ते आठ वर्षांचं असेल तर ती उपयोगी पडतील. त्याहून मोठ्या मुलाच्या अक्षराची दुखणी वेगळी असतात.

बाई, सणाचा आणि अक्षराचा संबंध काय? पानावर पणतीचं चित्र असलं की झालं ना?

तेवढ्याने काही होत नाही. दुकानात मिळणारी बरीच पानं अशीच असतात: वर कंदील, खाली भुईनळा आणि मध्ये तेच ‘क क क क’. पोरगं कंदील रंगवून मोकळं होतं, ‘क’ होता तिथेच राहतो.

सणाकडून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली म्हणजे आकार. लाडू, करंजी, पताका, नाग, पतंग यांचे आकार अक्षरांत कुठे ना कुठे दडलेले आहेत आणि मुलाला ते आधीपासून ओळखीचे असतात. दुसरी म्हणजे लिहायला निमित्त. ‘शेव’ हा शब्द वहीत दहा वेळा लिहून मुलाच्या पदरात काही पडत नाही. तोच एकदा चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवला आणि पाहुण्या काकांनी चिठ्ठी वाचून नेमका तोच डबा उघडला, की पुढची चिठ्ठी ते मूल स्वतःहून मागतं.

नात साडेतीन वर्षांची आहे. या दिवाळीत ‘अ आ इ’ गिरवून घेऊ का?

घाई करू नका. हाताला आकार जमण्याचा एक क्रम असतो आणि तो थोड्याफार फरकाने सगळ्या मुलांत सारखा असतो. उभी रेघ साधारण दुसऱ्या वर्षी जमते, गोल तिसऱ्या वर्षी. अधिकच्या खुणेसारखी फुली चारच्या आसपास, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण पाचच्या पुढे. तिरक्या बाजूंचा चौकोन, म्हणजे शंकरपाळीचा आकार, बहुतेक मुलांना सहा-सात वर्षांपर्यंत नीट येत नाही.

आता फराळाचं ताट डोळ्यांपुढे आणा. साडेतीन वर्षांच्या नातीला लाडू काढू द्या आणि शेवेच्या रेघा ओढू द्या. चारच्या पुढे करंजी: खाली एक आडवी रेघ, वर कमान. नारळाची वडी पाचच्या आसपास. दारावरच्या त्रिकोणी पताका त्यानंतर. शंकरपाळी आणि संक्रांतीचा पतंग पहिलीतल्या दादासाठी ठेवा. आपण मोठी माणसं शंकरपाळी ‘सोपी’ म्हणून सगळ्यांत आधी काढायला देतो, मूल वेडंवाकडं काढतं आणि मग आपणच म्हणतो, हिचा हातच वळत नाही. हात वळतो, शंकरपाळी तिच्या वयाची नसते.

लाडू काढताना एवढं मात्र बघा: पेन्सिल वरून सुरू होऊन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरायला हवी. ट, ठ, व यांची गोलाई त्याच दिशेने वळते. इंग्रजी माध्यमात गेलात तरी तिथल्या बऱ्याचशा गोल अक्षरांचंही तेच आहे. एकदा उलट दिशेची सवय लागली की ती मोडायला वेळ लागतो. म्हणून लाडू कितीही वाकडा असू दे, तो कुठून सुरू झाला तेवढं पाहा.

मग अक्षरं कुठल्या क्रमाने? शाळेत तर ‘अ’पासून चालू करतात.

म्हणायला ‘अ’पासून, लिहायला ‘ग’पासून. ‘गमभन’ हा जुना क्रम उगाच पडलेला नाही. चारही अक्षरं डावीकडे काहीतरी काढून शेवटी उभ्या काठीवर येतात. काठी मुलाला दोन वर्षांचं असल्यापासून येते, त्यामुळे निम्मं अक्षर आधीच जमलेलं असतं. ‘अ’ दिसायला पहिला असला तरी लिहायला चांगलाच किचकट.

गमभनला र, स, ख, ण जोडले की ‘सण’ आणि ‘मखर’ हे दोन शब्द तयार होतात. गणपतीत तेवढे पुरेत. त्यात ‘थ’ घातला की ‘रथ’. गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी तासगावला रथ ओढतात. तो पाहून आलेलं मूल ‘रथ’ लिहायला कधी कुरकुरत नाही, त्याला दोराचं चित्रसुद्धा काढायचं असतं. काढू द्या. दोर म्हणजे एका दमात, हात न उचलता ओढलेली लांब रेघ. शब्दावर शिरोरेघ ओढायला नेमकी तीच लागते.

शिरोरेघ आधी की नंतर, हेही सगळे विचारतात. शब्द पूर्ण झाल्यावर, डावीकडून उजवीकडे, अख्ख्या शब्दावर एकच. आधी रेघ ओढून खाली अक्षरं टांगायला लावली तर लहान मुलाचा जागेचा अंदाज चुकतो आणि शेवटचं अक्षर रेघेबाहेर पडतं.

नागपंचमी, बेंदूर या सणांना सुट्टी एखाद्या दिवसाचीच. त्यात काय करणार?

माझ्या मते या दोन सणांत दिवाळीपेक्षा जास्त सामान आहे.

बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल येतात. या वर्षी तयार बैलांबरोबर थोडी ओली मातीही मागून आणा. मूल ती माती मळतं, दाबतं, दोन बोटांत धरून शिंग ओढतं, अंगठ्याने वशिंड बसवतं. पेन्सिल धरायला लागणारी सगळी ताकद याच बोटांची. ज्या मुलाचं अक्षर फिकट येतं किंवा दोन ओळींत हात दुखतो, त्याला जादा पानं देऊन उपयोग नाही, आधी माती द्या. माती मिळाली नाही तर कणकेचा गोळा चालेल. आपल्याकडे महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात आणि कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात, म्हणजे सीमेलगतच्या घरांना दोनदा संधी.

नागपंचमी तर बत्तीस शिराळ्यामुळे आपल्या जिल्ह्याचा मोठा सण. पाटावर गंधाने नाग काढतात तो आजीने एकदा सावकाश काढून दाखवावा. नागमोडी रेघ म्हणजे एकदा इकडे, एकदा तिकडे वळण, आणि मध्ये हात थांबवायचा नाही. इ, ई, ड, झ, ह ही अक्षरं अवघड जातात ती याच वळणामुळे: हात एका दिशेने निघतो आणि मध्येच उलटा फिरवावा लागतो. आधी अंगणात पाण्याने मोठा नाग, मग पाटीवर छोटा, मग त्याच वळणाचा ‘ड’. या टप्प्यांना दोन-तीन दिवस गेले तरी चालतील.

दिवाळीत ‘दिवाळी’ हाच शब्द पहिला शिकवू ना?

शिकवू नका. चार वर्षांच्या मुलासाठी तो फार कठीण शब्द आहे. त्यात पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी आणि ‘ळ’ असं सगळं एकदम आलंय. पहिल्या वेलांटीची गंमत अशी की कानाला ती अक्षरानंतर ऐकू येते आणि कागदावर मात्र आधी येते. मूल ‘द’ लिहितं, वेलांटी द्यायला मागे जागाच नसते, म्हणून ती पुढे देतं आणि ‘दी’ होतो. मूल चुकत नाही, ते ऐकू येतं तसं लिहितं. असे शब्द द्यायचेच असतील तेव्हा अक्षराच्या डावीकडे बोटभर जागा सोडायची सवय आधी लावा.

आपल्या सांगलीची ‘हळद’सुद्धा अशीच फसवी. काना नाही, मात्रा नाही, म्हणून वाचायला पहिल्या पानावरचा शब्द. लिहायला बसा, म्हणजे कळेल: तिन्ही अक्षरांत उभी काठी कुठेच नाही, सगळी वळणंच. हा शब्द पहिलीच्या दुसऱ्या सहामाहीत शोभतो.

मग दिवाळीत काय लिहून घ्यायचं?

किल्ल्याच्या पाट्या! आमच्या भागात दिवाळीत किल्ला होतोच, आणि किल्ल्याला पाट्या लागतात. पुठ्ठ्याचा अंगठ्याएवढा तुकडा, मागे उदबत्तीची काडी. ‘गड’, ‘दार’, ‘वाट’, ‘तळं’ हे शब्द लहानग्याचे. ‘अजिंक्यतारा’ किंवा ‘प्रतापगड’ हे जोडाक्षराचे थोरल्याने लिहावेत. पाटी बघायला शेजारची पोरं येतात आणि ती वाचता आली नाही तर तोंडावर सांगतात. बाई म्हणून मी शंभर वेळा ‘नीट लिही’ म्हणण्यापेक्षा त्या एका टोमण्याचा गुण जास्त.

पुठ्ठा छोटा असला की एक अडचण येते: अक्षर दाटतं. म्हणून आधी शब्द कागदावर मोठा लिहून घ्या, मग पुठ्ठ्यावर. पहिली पाटी बिघडली तर ती ‘जुनी पाटी’ म्हणून किल्ल्याच्या मागे लावा. खोडरबराने घासून पुठ्ठ्याचा भुगा करू देऊ नका.

फराळाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वर सांगितल्याच. त्यात ‘शेव’ आणि ‘लाडू’ सोपे, ‘चकली’ मधली, ‘चिवडा’ सगळ्यांत शेवटी.

इंटरनेटवरून सराव-पानं छापून घेतली तर?

घ्या, पण ‘ल’ आणि ‘श’ आधी तपासा. बरीच पानं हिंदीसाठी बनवलेली असतात आणि नाव फक्त मराठीचं. मराठीत आपण पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ लिहितो. हिंदी वळणाचा ‘ल’ दांडीचा आणि ‘श’ शेंडीफोडा. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीचा आणि देठाचाच धरला आहे. मूल सुट्टीभर एक ‘ल’ गिरवून शाळेत गेलं आणि तिथे फळ्यावर दुसराच दिसला, तर ते गोंधळणारच. ‘लाडू’ आणि ‘शेव’ या दोन शब्दांवर ही परीक्षा झटकन होते.

दुसरं, ठिपके जोडून गिरवायची पानं. थोडी बरी, जास्त वाईट. ठिपके असले की मूल अक्षर काढत नाही, ठिपके शोधत राहतं. खालून वर गेलं काय, मधून सुरू केलं काय, शेवटी दिसतं सारखंच. त्यामुळे पान सुंदर आणि सवय चुकीची. एका ओळीत एकच अक्षर ठिपक्यांचं असावं, त्याच्या सुरुवातीला ठळक टिंब हवं आणि पुढची जागा कोरी. तसं पान मिळालं नाही तर दुरेघी वहीत तुम्हीच पेनाने एक अक्षर काढून द्या. छपाईचे पैसेही वाचतात.

दसऱ्याला पाटीपूजन करतो. त्या दिवशी मुलाकडून काय काढून घ्यावं?

पाटीवरची सरस्वती. मराठी ‘१’ आकडे जोडून आपण ती आकृती काढतो. यात एक बारीक गोष्ट आहे. दोन्ही बाजू जुळवायला काही एक उलट्या तोंडाचे काढावे लागतात. नुकतेच आकडे शिकणाऱ्या मुलाकडून हे उलटे एक काढून घेऊ नका. ते तुम्ही काढा आणि सरळ तोंडाचे त्याला काढू द्या. पूजा दोघांची होते आणि सोमवारी शाळेत उलटा एक जात नाही.

पाटी वर्षातून एकदा पूजेपुरती माळ्यावरून उतरवायची, हे मात्र पटत नाही. वहीपेक्षा पाटी बरी, निदान पाचव्या वर्षापर्यंत. पाटीवर पेन्सिल थोडी अडते, हाताला दाब कळतो आणि चुकलं तर ओल्या फडक्याने पुसून टाकता येतं.

मुलगा डावखुरा आहे. सासूबाई म्हणतात, निदान पूजेला तरी उजव्या हाताने लिहू दे.

प्रसाद उजव्या हातात घेऊ दे, लिहू दे डाव्यानेच. लिहिण्याचा हात बदलायला लावू नका, सणापुरताही नाही. डावखुऱ्या मुलाला तीन सोयी लागतात. कागद उजवीकडे थोडा तिरका, म्हणजे लिहिलेलं त्याच्याच हाताखाली झाकलं जात नाही. पेन्सिल टोकापासून जराशी वर धरलेली. आणि पंगतीला बसतात तसं भावंडांच्या ओळीत बसवलंत तर त्याला डाव्या टोकाला बसवा, नाहीतर कोपरं भिडून भांडणं होतात. सासूबाईंना हवं तर सांगा, सरस्वतीचं चित्र त्यानेच काढलंय.

‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’ होतो. आकडे तर आरशातल्यासारखे उलटे. काळजीचं आहे का?

सहा-सात वर्षांपर्यंत नाही. कपबशीचा कान डावीकडे फिरवला तरी ती कपबशीच राहते; अक्षर फिरवलं की बदलतं, हे मुलाला नव्याने शिकावं लागतं. अशी जोडीची अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. ‘भ’ पक्का झाल्यावर आठवडाभराने ‘म’. उलटं आलं की रागावण्याऐवजी तेच अक्षर रव्याच्या ताटात बोटाने मोठं काढायला लावा. दिवाळीत रवा घरात असतोच, काम झालं की चाळून परत डब्यात.

रोज किती वेळ?

बालवाडीला दहा मिनिटं, पहिली-दुसरीला पंधरा. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला सुट्टी.

पेन्सिल कुठली आणि कशी धरायची?

अंगठा, तर्जनी यांची चिमूट आणि खाली मधल्या बोटाचा टेकू. सांगून हे फारसं जमत नाही. पेन्सिलच आखूड दिली की जमतं. बोटभर लांबीच्या तुकड्याला मूठ मारताच येत नाही, तीन बोटंच लागतात. म्हणून संपत आलेल्या पेन्सिली आणि खडूचे तुकडे टाकू नका. शिसं थोडं मऊ असावं, म्हणजे कमी दाबात रेघ उमटते.

रांगोळीची चिमूट म्हणजे हीच पकड. चार ठिपके चार ओळी एवढी रांगोळी मुलाला रोज सकाळी उंबऱ्याबाहेर घालू द्या. बाहेर सांडली तर सांडली.

अक्षर किती मोठं असावं?

तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट. समर्थ रामदासांनी लेखनक्रिया सांगताना अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं म्हटलं आहे. लहान मुलाच्या बाबतीत मी यातलं ‘मोकळं’ आधी घेते, सरळ आणि वाटोळं त्याच्यामागून येतं. अरुंद रेघांची वही दुसरीच्या आधी नको.

आम्ही मिरजेत राहतो, घरी ईद आणि शेजारी नाताळ. आमच्या मुलांनी काय करायचं?

हेच, आपापल्या सणाचं. ईदची चंद्रकोर म्हणजे दोन कमानी, बाहेरची मोठी आणि आतली छोटी, दोन्ही एकाच टोकाला सुरू आणि एकाच टोकाला संपणाऱ्या. करंजीची पुढची पायरी समजा. शीरखुर्म्याचा डबा शेजारी जाताना त्यावर ‘ईद’ एवढी दोन अक्षरं मुलाने लिहावीत, बाकीचा मजकूर तुम्ही. नाताळचा तारा दिसतो सोपा, पण सगळ्या रेघा तिरक्या, त्यामुळे सहा वर्षांच्या आत कापून चिकटवावा. तिथे लिहायला ‘नाताळ’ छान: दोन काने आणि शेवटी एकच अवघड अक्षर.

संक्रांतीला शुभेच्छापत्रं करायची आहेत.

‘शुभेच्छा’ हा शब्द मोठ्या माणसाने लिहावा. ‘च्छ’ गिरवून घेण्यात अर्धा तास जातो आणि पत्र राहतं बाजूला. मुलाने वर ‘आजी’ आणि खाली स्वतःचं नाव लिहावं, मध्ये हवा तर पतंग. पत्र हातात न देता पोस्टाने पाठवा, गल्लीतल्या गल्लीत असलं तरी. आजीने पत्र मिळाल्यावर फोन करून वाचून दाखवायचं, एवढं तिला आधी सांगून ठेवा.

मोबाइलवरचं अक्षरं गिरवायचं ॲप चालेल का?

अक्षर ओळखायला चालेल. लिहायला नाही, गुळगुळीत काचेवर बोट सरकतं, दाब लागत नाही आणि चिमूट होतच नाही.

शाळेने सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन दिलंय. मुलगा रडतो.

हे दुखणं घरोघरी आहे. बहुतेक घरांत ती सगळी पानं सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत भरली जातात आणि शेवटच्या पानावरचं अक्षर पहिल्याहून वाईट असतं. पुढची सुट्टी लागण्याआधी बाईंना किंवा सरांना सरळ भेटा आणि विचारा, पानाऐवजी तीन ओळी आणि किल्ल्याच्या पाट्या चालतील का? बऱ्याच जणांना चालतं. कुणी विचारत नाही म्हणून पान चालू राहतं. आणि पान भरायचंच असेल तर पहिल्या तीन ओळींवरच शेरा द्या. त्यातलं सर्वांत बरं अक्षर मुलालाच शोधून त्याभोवती गोल करू दे.

कधी डॉक्टरांना दाखवावं?

सात वर्षं पूर्ण झाल्यावरही बटण लावणं, चमच्याने खाणं जड जात असेल, थोडं लिहिल्यावर हात खरंच दुखत असेल, किंवा मूल फळ्यावरचं वाचायला डोळे बारीक करत असेल तर. आधी डोळे तपासा, मग बालरोगतज्ज्ञांशी बोला. ते गरज पडली तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे हाताच्या रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवतील. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सुट्टीनंतर शाळेत बाईंनी अक्षर वेगळ्याच पद्धतीने काढायला शिकवलं तर कुणाचं ऐकायचं?

बाईंचं. वळणात थोडा फरक असेल, ‘झ’ची शेपटी किंवा ‘ण’चा खांदा, तर घरी वाद घालू नका. फक्त अक्षर वरून सुरू होतंय, गोलाई योग्य दिशेने फिरतेय आणि शिरोरेघ शेवटी येतेय, एवढं बघा. ‘ल’ मात्र दांडीचा शिकवत असतील तर एकदा विचारायला हरकत नाही.